लसीनंतर बाळ गेलं आणि गावाने दार लावून घेतलं, आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तुम्ही बंधपत्राच्या सेवेत वैद्यकीय अधिकारी आहात. अकरा दिवसांपूर्वी अडीच महिन्यांच्या एका बाळाला पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, दुसरा डोस दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते बाळ अंथरुणात निपचित सापडलं. पुढच्या लसीकरण सत्राला त्या गावातून एकही आई आली नाही. तुम्ही पोस्टर लावलीत, अंगणवाडीत व्हिडिओ दाखवला, सरपंचांना सोबत घेऊन सभा घेतलीत. कोणी ऐकत नाही. आणि आता तुम्ही विचारताय, लोकांचा वैद्यकशास्त्रावरचा विश्वास परत कसा आणायचा, की ते अडाणीच आहेत असं समजून पुढे जायचं?

मी पंचवीस वर्षं बीड जिल्ह्यात आहे. आधी आरोग्य केंद्रावर होते, आता तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्यासारखी वेळ माझ्यावर दोनदा आली. एकदा चूक आमची होती, एकदा आमची चूक आहे असं कुठेच दिसत नव्हतं. दोन्ही गावांनी आमच्याकडे पाठ फिरवली. जिथे चूक आमची होती ते गाव तीन महिन्यांत परत आलं. दुसऱ्या गावाला दीड वर्ष लागलं. हा फरक का पडला, हे समजायला मला बरीच वर्षं गेली. तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे मुख्यतः तेच आहे.

तुमचं सगळं लिहिणं मी दोनदा वाचलं. पोस्टर आहे, व्हिडिओ आहे, सभा आहे. त्या बाळाच्या घरी तुम्ही गेलात का, हे त्यात कुठेच नाही. बहुधा गेला नसाल. मी तुम्हाला दोष देत नाही, तुमच्या जागी मीही गेले नव्हते. पण तुमचा प्रश्न लोकांच्या अज्ञानाचा नाही. गावाला लसीची माहिती पुरेशी आहे, गेल्या महिन्यापर्यंत तेच लोक स्वतःहून येत होते. एक बाळ गेल्यावर सरकारी दवाखान्यातलं कोण येतं, काय बोलतं, काय लपवतं, याकडे ते बघत आहेत. अकरा दिवसांत त्यांना पोस्टर दिसलं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मोकळेपणाने सांगते. तुम्ही तिथे अजून किती महिने आहात? वरिष्ठ तुमच्या पाठीशी आहेत की फक्त लसीकरणाची टक्केवारी विचारतात? तुमची सिस्टर त्या गावात किती वर्षं जाते आणि तिच्याबद्दल लोक काय बोलतात? शवविच्छेदन झालं का? सत्राच्या दिवशी खरोखर काही चुकलं होतं का? यातल्या प्रत्येक उत्तराने पुढचा रस्ता थोडा बदलतो. माझ्या गावांत चाललं ते तुमच्याकडे जसंच्या तसं चालेल असं नाही.

पहिली घटना २००१ ची. तेव्हा काचेच्या सिरिंज असायच्या. एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंज लसीकरण कार्यक्रमात २००५ पासून आल्या, त्यामुळे तुमच्या पिढीने तो कुकर पाहिलाही नसेल. सिरिंज आणि सुया वाफेच्या कुकरमध्ये ठेवायच्या, रॉकेलच्या स्टोव्हवर चढवायच्या आणि वाफ धरली की वीस मिनिटं मोजायची. एका सत्रानंतर आठवड्याभरात त्याच वाडीतली पाच लेकरं मांडीला गळू घेऊन माझ्याकडे आली. पू काढताना ती रडत होती आणि आयांच्या नजरा माझ्या हातावर होत्या. संध्याकाळी सिस्टर माझ्यासमोर रडली. त्या दिवशी रॉकेल संपत आलं होतं, म्हणून तिने दहा मिनिटांतच स्टोव्ह बंद केला होता. वरून निरोप आला की नोंदीत किरकोळ सूज लिहा आणि विषय संपवा.

मी तसं लिहिलं नाही. घडलं ते लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वाडीत जाऊन पारावर सांगितलं. सुया पुरेशा उकळल्या गेल्या नव्हत्या, रॉकेल कमी पडलं होतं, आणि रॉकेल आहे की नाही हे बघणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. सिस्टरचं नाव मी घेतलं नाही. एका मुलाचा बाप उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मग आमच्या लेकराला कामून टोचायचं आता?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी स्टोव्ह इथे पारावर पेटवते. कुकर तुमच्यासमोर लावते. घड्याळ तुम्ही धरा." पुढच्या महिन्यात खरोखर तसं केलं. एका म्हाताऱ्या बाबांनी नातवाचं मनगटी घड्याळ हातात धरलं आणि वीस मिनिटं होईपर्यंत सिस्टरला झाकणाला हात लावू दिला नाही. त्या दिवशी तीनच लेकरं आली. तिसऱ्या महिन्यात यादीतली सगळी आली, गळू झालेली पाचही.

दुसरी घटना २००८ ची. चार महिन्यांचं बाळ, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) तिसरा डोस, त्याच रात्री गेलं. कुपी ठीक, तापमानाची नोंद ठीक, त्याच कुपीतून टोचलेली बाकीची लेकरं खेळत होती. घरच्यांनी शवविच्छेदनाला नकार दिला. मी फोन केले, फॉर्म भरले, सिस्टरला पाठवलं. स्वतः गेले नाही. लोक अंगावर येतील याची भीती होती आणि आपली चूक नाही तर आपण का जायचं, असंही कुठेतरी मनात होतं. गेले ते नवव्या दिवशी, हातात फाईल घेऊन.

ओसरीवर आजी बसल्या होत्या. मी लसीबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाल्या, "मॅडम, ते कागद ठेवा बाजूला. तिची छाती दगडावानी झालीय, चार दिसापासून ताप हाय. ते बघता का?"

आत बाजेवर ती आई पडली होती. दोन्ही बाजूंनी दूध तटलेलं, पोलकं ओलं, उजवी बाजू लाल आणि हात लावू देत नाही इतकी दुखरी. बाळ गेलं हे तिच्या शरीराला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या एकाही फॉर्ममध्ये हा रकाना नाही. नऊ दिवसांत सिस्टर जाऊन आली, पर्यवेक्षक जाऊन आले, प्रत्येकाने बाळाला ताप होता का, झटके आले का, दूध पाजून झोपवलं होतं का, हेच विचारलं. आईला काय होतंय, हे कोणी विचारलं नाही. मी प्रतिजैविक आणि तापाचं औषध दिलं, गार पाण्याच्या पट्ट्या दाखवल्या, ताण कमी होईल इतकंच दूध काढायचं, पूर्ण नाही, हे समजावलं. पुढचे तीन दिवस रोज गेले. लसीचा विषय काढला नाही. चौथ्या दिवशी तिनेच विचारलं, "सुईनंच गेलं का?" मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही. तपासणी होऊ शकली नाही, त्यामुळे शंभर टक्के नाही असं मी म्हणू शकत नाही. आजवर जे माहीत आहे त्यावरून सुईने असं होणं फारच दुर्मिळ आहे." तिने भिंतीकडे तोंड केलं. त्या गावात पहिलं लेकरू टोचायला आलं ते आजींच्या लेकीचं, आजीच घेऊन आल्या. त्या आईने पुढच्या मुलीला सगळ्या लसी दिल्या, पण माहेरच्या केंद्रात. माझ्याकडे ती कधी आली नाही, आणि तिने यावं अशी अपेक्षाही मी ठेवली नाही.

आता तुमच्या गावाकडे वळते. लसीकरणानंतरच्या गंभीर घटनेची नोंद तुम्ही केलीच असेल. जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याला लगेच कळवणं, कुपी (आणि कुठल्या लसीत मिसळायचं द्रावक वापरलं असेल तर तेही) थंड तापमानात जपून ठेवणं, बॅच क्रमांक, कुपीवरचा उष्णतादर्शक चौकोन, आयएलआरचं, म्हणजे लस ठेवायच्या शीतपेटीचं, दोन ते आठ अंशांचं नोंदवही-पान, हे सगळं. एक गोष्ट मात्र मी आज लगेच करेन. पेंटाव्हॅलंटची कुपी दहा डोसांची असते, म्हणजे त्या बाळाशिवाय आणखी नऊ लेकरांना तीच टोचली गेली असू शकते. त्याच कुपीतून आणि त्याच दिवशी आणखी कोणाकोणाला टोचलं, त्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन लेकरू तपासा. शास्त्रीय तपासात हे लागतंच, कारण चूक कुपीत किंवा हाताळणीत असेल तर ती एकाच बाळात थांबत नाही. पण त्या आया अकरा दिवस रात्री उठून लेकराच्या छातीवर हात ठेवून बघत असतील. त्यांच्या दारात डॉक्टर स्वतः आला, लेकरू उघडं करून तपासलं, हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

योगायोगाचं गणित तुम्हाला स्वतःसाठी यायला हवं. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांचा दर, हजार जन्मांमागे १६ होता आणि त्यातले ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले. तुमच्या केंद्राखाली तीस हजार लोक असतील आणि वर्षाला साडेचारशेच्या आसपास जन्म होत असतील, तर एक महिना ते एक वर्ष या वयातली साधारण दोन बाळं दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कारणाने जातात. न्यूमोनिया, हृदयाचा जन्मजात दोष, झोपेत अचानक. याच वयात सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्याला आपण टोचतो. त्यामुळे अधूनमधून एखादा मृत्यू लसीच्या दुसऱ्या दिवशी पडणारच, लस पाण्याची असती तरी. हे गणित वरिष्ठांना सांगा, सिस्टरला सांगा, ती सध्या रात्री झोपत नसेल. त्या आईला सांगू नका. तिचं एकच बाळ होतं आणि ते गेलं, तिथे हजारी दर ऐकवणं हा अपमान आहे. आणि योगायोग हा निष्कर्ष तपासाच्या शेवटी काढायचा असतो. पहिल्याच दिवशी "लसीचा संबंध नाही" असं छातीठोकपणे सांगितलं की लोकांना बरोबर कळतं, यांनी अजून काही बघितलेलंच नाही.

अशा घटनेचा तपास करणाऱ्या समितीचा निष्कर्ष यायला वेळ लागतो, आणि तोवर गप्प बसा असा सल्ला तुम्हाला मिळेल. हा सल्ला आपल्या क्षेत्रात जुना आहे. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात शास्त्रज्ञ हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने दगावली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. ठपका लस बनवणाऱ्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. दूषण गावात बाटली उघडताना झालं असावं हे मान्य होऊन ते निर्दोष ठरले १९०७ मध्ये. पाच वर्षं! तुमचा निकाल पाच वर्षं लागणार नाही, पण गाव महिनाभरही कोऱ्या चेहऱ्याकडे बघत थांबत नाही. म्हणून मी तारीख देते. "तपास चालू आहे. पुढच्या मंगळवारी मी येईन आणि तोवर जे कळलं असेल ते सांगेन." मंगळवारी काहीच कळलेलं नसलं तरी जाते आणि काही कळलेलं नाही असं सांगते. दोन-तीन मंगळवार असे गेले की लोक तुमच्या शब्दाची किंमत स्वतःच ठरवतात.

चूक झालीच असेल तर ती तुमच्या तोंडून बाहेर यायला हवी. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं. मुलं रुग्णालयात ठेवावी लागली, सगळी बरी झाली. ती बातमी आमच्याकडे बीडमध्ये दोन वर्षं ऐकायला मिळायची. आया बूथवर विचारायच्या, "बाटली दाखवा आधी." मी आमच्या सगळ्या सिस्टरांना सांगितलं, रागवायचं नाही, दाखवायची. आजही आम्ही कुपी आईच्या हातात देतो, नाव आणि मुदत वाचून दाखवतो, मगच भरतो. अर्धा मिनिट लागतो.

आता हा प्रसंग बाजूला ठेवून रोजच्या कामाबद्दल बोलते, कारण विश्वास जातो तो बऱ्याचदा त्या रात्रीच्या आधीच पोखरलेला असतो. पेंटाव्हॅलंटनंतर अनेक बाळांना ताप येतो, मांडी सुजते, रात्रभर किरकिर होते. हे आपल्याला पाठ आहे, म्हणून आपण ते पुटपुटतो. आई घरी जाते, रात्री बाळ फणफणतं, सासू म्हणते, "चांगलं लेकरू आजारी करून आणलंस." दुसऱ्या वेळी ती येत नाही आणि आपण तिला लसविरोधी म्हणतो. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीचंही तसंच. काही आठवड्यांनी तिथे गाठ येते, पिकते, फुटते आणि वण राहतो. आधी सांगितलं तर ती लस लागू पडल्याची खूण असते, नाही सांगितलं तर सुई पिकली. माझ्याकडे सिस्टर तापाच्या औषधाच्या ड्रॉपरवर त्या बाळाच्या वजनाप्रमाणे पेनाने रेघ मारून देते आणि आईकडून वदवून घेते: कोणती लस दिली, रात्री काय होईल, काय झालं तर लगेच आणायचं, पुढची तारीख कोणती. अर्धा तास बसवून ठेवते, कारण तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांत साधारण एकदा होते आणि झाली तर बहुतेक वेळा त्याच अर्ध्या तासात कळते. सांगितलेला ताप आला तर आईला वाटतं, सिस्टरला कळतं. न सांगितलेला ताप आला तर वाटतं, फसवलं.

आमच्या जिल्ह्यात त्या एका रात्रीच्या तापाची किंमत पैशात मोजली जाते, हेही मला उशिरा समजलं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल आधीच घेतलेली. लेकरू तापलं म्हणून बाई फडात गेली नाही तर खाडा पडतो आणि मुकादम तो उचलीतून कापतो. "आत्ता सुई नको" असं म्हणणारी बाई विज्ञान नाकारत नसते, ती उद्याचा खाडा वाचवत असते. आम्ही टोळ्या निघायच्या आधीचे दोन आठवडे घरोघर जाऊन राहिलेले डोस पूर्ण करायला लागलो आणि "नकार" या रकान्यातली अर्धी नावं आपोआप कमी झाली. तुमच्या नकाराच्या यादीतही बघा. त्यात घाबरलेले किती, गैरसोय असलेले किती आणि खरोखर विरोध असलेले किती? माझ्या अनुभवात तिसरा गट अगदी लहान निघतो.

आणि हेही मान्य करूया की काही अविश्वास आपल्या पेशाने कमावलेला आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने आमच्याच जिल्ह्यात पाहणी केली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. त्यात तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय एवढ्यावर कोणीतरी त्यांना कॅन्सरची भीती घातली होती. मी एकदा एका तरुण आजीला नातवाच्या लसीबद्दल समजावत होते. ती शांतपणे म्हणाली, "पिशवी काढा म्हणून सांगणारा बी डॉक्टरच व्हता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दूध पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर दूध आपल्याच लोकांनी पाजलेलं. त्या दिवसापासून "डॉक्टर सांगतात म्हणून" हे शब्द मी सोडले. कारण सांगते, दुसरा पर्याय काय आहे ते सांगते, मला यातून काही मिळत नाही हे सांगते. तपासणी लिहिली तर ती कशासाठी आणि नाही केली तर काय बिघडेल, हेही. रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे हा नियम २००२ पासून आहे, मी त्याच दिवशी देते. महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमला रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. माझ्या दवाखान्यात ते बाकड्याच्या अगदी समोर आहे, टेकून बसलेल्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरात.

विज्ञान मत बदलतं, तेव्हा काय सांगायचं? कोविडमध्ये या प्रश्नाने आपल्याला पुरतं गाठलं. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी २८ दिवस होतं, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ आठवडे झालं, मे महिन्यात बारा ते सोळा. अंतर वाढवण्यामागे पुरावा होता, पण लोकांना दिसली ती रिकामी केंद्रं, आणि त्यांनी त्यातून अर्थ काढला. रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक एप्रिलच्या उन्हात रांगा लावत होते, तेव्हा ते वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगून पाच महिने झाले होते. प्लाझ्मा मे २०२१ मध्ये उपचारांच्या यादीतून गेला. त्या काळात मीही काही गोष्टी नको इतक्या ठामपणे सांगितल्या, आणि पुढे त्या बदलल्या तेव्हा त्याच माणसांसमोर उभं राहणं जड गेलं. आता मी वाक्य असं करते: "आज आम्हाला इतकं पक्कं माहीत आहे, इतकं नाही. नवीन कळलं तर सांगेन." अशाने डॉक्टरचं वजन कमी होईल असं मला वाटायचं, पण लोक उलट जास्त प्रश्न विचारायला लागले, आणि प्रश्न विचारणारा माणूस उपचार अर्ध्यावर सोडत नाही.

तुमच्या तालुक्यात कोणीतरी रेशन बंद करू, दाखला देणार नाही, पोलीस आणू असं सुचवेल. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. १८९७ च्या पुण्यात प्लेग कमिटीच्या सोल्जरांनी घरात घुसून माणसं बाहेर काढली, सामान जाळलं, आणि लोकांनी आजारी माणसं माळ्यावर लपवायला सुरुवात केली. त्याच वर्षी, त्याच शहराबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. तिथे रुग्ण पाठीवर उचलून आणले जात होते. सावित्रीबाई त्याच आजाराने १० मार्चला गेल्या. रोग एक, माणसं तीच, आणि एका दारातून लोक पळत होते, दुसऱ्या दारात येत होते.

कोण बोलतं यालाही फार महत्त्व आहे. आमच्या शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं, कित्येक जणी निरक्षर होत्या. तिथल्या एका सेविकेला मी तरुणपणी विचारलं होतं, लोक तुमचं का ऐकतात? ती म्हणाली, "माझं लेकरू बी ह्याच गावात खेळतंय." म्हणून सभेत तुम्ही भाषण देण्याआधी आशाताईला विचारा, तिच्या घरातल्या लेकराचा डोस झाला का? तीच घाबरलेली असेल तर आधी तिचं ऐका. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरणाऱ्या मजकुराला सरकारी चित्राने उत्तर देऊ नका, आणि अफवा पुन्हा लिहून खोडूही नका, तिचाच प्रचार होतो. स्वतःच्या आवाजात एक मिनिटाचा निरोप टाका, तुमचं नाव, नंबर आणि तुम्ही केंद्रावर कधी भेटाल ते सांगून.

या आठवड्यात इतकंच करा. सत्र ठरवू नका, यादी काढू नका. आधी त्या कुपीतून टोचलेल्या बाकीच्या लेकरांच्या घरी जा. बाळाच्या घरी संध्याकाळी, माणसं शेतातून आल्यावर, आशाताईला सोबत घेऊन जा. गाडी लांब लावा, लसीची पिशवी आणि फाईल गाडीतच ठेवा, फोटो काढायला कोणी सोबत नको. बाळाचं नाव आधी माहीत करून घ्या आणि नावानेच बोला. ते ओरडले तर ओरडू द्या. अकराच दिवस झालेत, तेव्हा आईचं दूध अजून आटलेलं नसण्याची शक्यता आहे. तुम्ही पुरुष आहात, ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून सिस्टरला आत पाठवून विचारून घ्या की दुखतंय का, ताप आहे का, काही औषध कोणी दिलं आहे का.